अठरा किलो दोनशे

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तो तुमचं म्हणणं ऐकून घेत नाही, वजन करून बघतो. बाजारामागच्या गल्लीतले काटेकाका अशांपैकीच होते. चाळीस वर्षं त्यांनी वाण्यांचे, भंगारवाल्यांचे, सोनारांचे काटे उघडले, साफ केले, पुन्हा शून्यावर आणून बसवले. खाली दुकान, वर दोन खोल्या, घरात काकू आणि एक कुत्री. मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख दोघांनी कधीच करून संपवलं होतं.

भाजी कमी भरली असं काकू म्हणाल्या की काका पिशवी घेऊन खाली जात आणि आकडा घेऊन वर येत. गॅसची टाकी या खेपेला लवकर संपली म्हटलं की पुढची टाकी आधी काट्यावर जाई, मग शेगडीला लागे. एकदा काकू सहज बोलून गेल्या, की हल्ली मी वाळलेय जरा. काकांनी त्यांनाही खाली नेऊन काट्यावर उभं केलं आणि वर येता येता सांगितलं, "नाही वाळलीस." काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. पण कायदा तो कायदा. काट्यावर ठेवलं की विषय संपला, असं त्या घरात तीस वर्षं चाललेलं.

कुत्री आली ती एका मोठ्या काट्याच्या रिकाम्या खोक्यातून. दुकानाच्या पायरीवर रचलेल्या खोक्यांत कोणीतरी पिल्लू टाकून गेलं होतं. पोट इतकं गोल, की चालताना जमिनीला घासायचं. काकूंनी तिचं नाव भोपळी ठेवलं. काकांनी तिला उचलून आधी काट्यावर ठेवलं, मग दूध दिलं. तेव्हापासून दर रविवारी दुकान झाडून झालं की भोपळीचं वजन. आकडा दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचा. ती काट्यावर अशी बसायची, की फोटो काढून घ्यायला बसलेल्या बाईनेही तोंडात बोट घालावं. काका "हं" म्हणेपर्यंत शेपूटसुद्धा हलवायची नाही. ज्यांना कोणी आवडीने जवळ करत नसे, अशा काकांच्या पायावर हनुवटी टेकून ती दिवसभर पडलेली असायची आणि काका सोनाराचा नाजूक काटा उघडायचा झाला तरी पाय हलवत नसत.

नऊ वर्षं झाली. भोपळीला पहिल्यापासून बघणारे म्हातारे डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला गेले, आणि नेमक्या त्याच महिन्यात भोपळी अर्धी वाटी खाऊन बाजूला व्हायला लागली. नवा डॉक्टर शोधणं भाग होतं. खर्चाची काळजी नव्हती. काकांनी जुन्या वजनांची एक लाकडी पेटी तिच्या नावाची करून ठेवली होती. दर दुरुस्तीमागे त्यात थोडं टाकायचं आणि मरणाची नड आली तरी दुसऱ्या कशासाठी उघडायची नाही. पेटी उचलायला जड लागत होती. म्हणजे पैसे होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे कोणी म्हणेल, बिचारे गरीब होते.

डॉक्टर निवडायची काकांची पद्धत त्यांची स्वतःची होती. कापडी पिशवीत पाच किलोचं सरकारी शिक्क्याचं वजन घ्यायचं, भोपळीची साखळी काकूंच्या हातात द्यायची आणि दवाखान्यात शिरल्यावर पहिल्यांदा तिथल्या काट्यावर ते वजन ठेवायचं. "औषध वजनावर देतात," ते काकूंना समजावत. "काटाच खोटा असेल तर पुढचं सगळं खोटं." काकूंना लाज वाटायची. त्या भिंतीवरचे लसीकरणाचे तक्ते वाचत उभ्या राहायच्या.

पहिला दवाखाना काचेच्या दाराचा, थंडगार. काटा ठीक होता. पण टेबलामागच्या मुलीने कुत्रीकडे न बघताच वर्षभराच्या योजनेचा कागद पुढे सरकवला, त्यात दात साफ करण्यापासून नखं कापण्यापर्यंत सगळं होतं. काकांनी कागद घडी करून खिशात घातला आणि बाहेर आले.

दुसरा दवाखाना मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचा. डॉक्टरीणबाई साठीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. कोपऱ्यातला काटा पाहूनच काकांच्या कपाळाला आठी पडली. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. पाच किलोचं वजन ठेवलं, तर पाच किलो साडेचारशे.

"बाई, काटा चुकतोय तुमचा."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तो पहिल्यापासून असाच आहे. चढवा तिला टेबलावर."

त्यांनी भोपळीच्या पोटाखाली दोन्ही हात घातले आणि खिडकीकडे बघत राहिल्या. हात सावकाश फिरत होते. डाव्या बाजूला आले, तिथेच थांबले, पुन्हा मागे गेले. मग त्यांनी तिच्या हिरड्या पाहिल्या, पाठीच्या कण्यावरून बोट फिरवलं.

"इथे काहीतरी भरल्यासारखं लागतंय. सोनोग्राफी करून घ्या. शेजारीच होते. पैसे एकदम द्यायला जमणार नसतील तर मी त्यांना सांगते, दोन-तीन वेळा करून घेतील."

तपासणीला किती लागतील तेही त्यांनी सांगितलं. दुकानाच्या महिन्याच्या भाड्याएवढी रक्कम होती. पेटीत तिच्या तिप्पट पडलेले होते. पण काकांच्या डोक्यात पैशांचा हिशोब चाललाच नव्हता. ते त्या पुठ्ठ्याच्या घडीकडे बघत होते.

बाहेर पडल्यावर ते म्हणाले, "साडेचारशे ग्रॅम. पाच किलोत साडेचारशे. आणि ही बाई सांगणार पोटात काय आहे."

"हात चांगला वाटला हो त्यांचा," काकू म्हणाल्या.

"हाताला शिक्का असतो का?"

तिसरे डॉक्टर तरुण, दवाखाना नुकताच उघडलेला. काटा नवाकोरा, पाच किलोला पाच किलो, वर एक ग्रॅम नाही. काकांचा चेहरा असा खुलला, जणू नात्यातलं कोणी भेटलं. डॉक्टरही नम्र. भोपळीचं वजन अठरा किलो दोनशे भरलं. काकांनी गेल्या सहा महिन्यांचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले. डॉक्टर कौतुकाने म्हणाले, की असे मालक असते तर आमचं निम्मं काम कमी झालं असतं. वजन कायम आहे म्हणजे चिंता नको, वयामुळे भूक मंदावते, ताकदीचं औषध देतो. काकांनी डाव्या बाजूचं विचारलं नाही. काकू विचारायला गेल्या, तर "त्या बाईंचा काटा बघितलास ना," म्हणून त्यांनी त्यांना वाटेतच अडवलं.

त्या तरुण डॉक्टरला मी दोष देणार नाही. त्याच्यासमोर एक माणूस ग्रॅमग्रॅमचा हिशोब घेऊन उभा होता, त्याने त्या माणसावर विश्वास ठेवला.

पुढचे दोन महिने दारावरचा खडू असा चालला: अठरा दोनशे, अठरा दोनशे, अठरा शंभर, अठरा दोनशे. भोपळी औषध निमूट प्यायची. दुकानात येणारे म्हणायचे, "काका, नावाला जागतेय तुमची भोपळी, पोट बघा कसं सुटलंय." काका हसायचे. एका संध्याकाळी काकू पट्टा हातात घेऊन खाली आल्या.

"अहो, हिचा पट्टा एक भोक आत घ्यावा लागला आज. मान बारीक झालीये. पाठीचं हाडन्‌हाड लागतंय हाताला."

काकांनी हातातला पेचकस ठेवला, भोपळीला काट्यावर बोलावलं. तिला चढायला दोनदा पाय टाकावा लागला. बसली, शेपूट स्थिर ठेवली. अठरा किलो दोनशे.

"हे बघ," काका म्हणाले. "कातडं ताणून सैल पडलं असेल पट्ट्याचं."

काकूंनी आकडा बघितला, भोपळीला बघितलं आणि पट्टा घेऊन वर गेल्या.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, भर दुपारी, भोपळी दुकानाच्या पायरीवर बसली ती उठेचना. काकूंनी तिचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. काका तरुण डॉक्टरचा नंबर शोधायला लागले. काकूंनी त्यांची वाट पाहिली नाही. समोरच्या टेम्पोवाल्याला हाक मारली, भोपळीला स्वतः उचललं आणि म्हणाल्या, "बाईंकडे." काका मागून चढले. पेटी त्यांच्या मांडीवर होती. शिक्क्याचं वजन घ्यायचं त्यांना सुचलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी ओळखलं. शेजारी नेऊन सोनोग्राफी झाली, ती जेमतेम दहा मिनिटांत. बाई परत आल्या, त्यांनी काकूंना स्टुलावर बसवलं आणि काकांना उभ्यानेच सांगितलं. डाव्या बाजूला, प्लीहेवर गाठ होती, नारळाएवढी झालेली. ती फुटली होती. पोटात रक्त साचलं होतं.

"पण वजन तेवढंच होतं," काका म्हणाले. "दर रविवारी बघितलंय मी. दोनशे ग्रॅमचा फरक नाही."

"असेल ना," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच काकांना सोसवेना. "गाठ वाढत होती, पाणी भरत होतं, आणि ही तेवढीच कमी होत होती. बेरीज तीच राहिली."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा काकांना काट्याचा राग आला, आणि रागवायला जागा सापडेना, कारण काटा खोटं बोललाच नव्हता. त्यांनी पेटी टेबलावर ठेवली, झाकण उघडलं.

"ऑपरेशन करा. हे सगळं घ्या. कमी पडलं तर दुकानातला मोठा काटा विकतो."

बाईंनी झाकण लावून पेटी परत त्यांच्याकडे सरकवली. "त्या वेळी आला असतात तर केलं असतं. तेव्हाही वाचली असती असं मी छातीठोकपणे सांगत नाही. पण केलं असतं. आज टेबलावरच जाईल. हे पैसे घेतले तर मला झोप लागणार नाही. तिला त्रास होऊ न देता जाऊ द्या."

काकूंनी मान हलवली. काकांनी पेटी उचलून खाली ठेवली, मग तेही हो म्हणाले. बाईंनी कपाटातून बाटली काढली, सुई उघडली आणि सवयीने विचारलं, "वजन?"

"अठरा किलो दोनशे," काका म्हणाले.

आकडा तोंडातून गेला. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. कोपऱ्यात तो काटा होता, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. काकूंनी त्यांचा हात धरून ओढला आणि भोपळीच्या पाठीवर ठेवला. सगळ्या जगाचं तोलून देणाऱ्या त्या हाताने नऊ वर्षांत तिला कितीदा उचललं होतं, पण ते काट्यापर्यंत नेण्यापुरतं. आता केसांच्या खाली कण्याचा एकेक मणका वेगळा लागला. फासळ्या मोजता आल्या असत्या. भोपळीने त्यांच्याकडे बघितलं आणि शेपूट हलवली नाही. ते "हं" म्हणतील म्हणून ती थांबली होती.

"हं," काका म्हणाले. तिने एकदा शेपूट आपटली. मग बाईंनी सुई टोचली.

चार दिवसांनी काका हत्यारांची पिशवी घेऊन बाईंच्या दवाखान्यात गेले. कोणी बोलावलं नव्हतं. काटा उलटा करून उघडला. स्प्रिंगला गंज चढला होता, खालचा एक पाय झिजलेला. तासाभरात त्यांनी तो शून्यावर आणला, पाच किलोला पाच किलो केला. तेवढ्यात एक बाई मांजर घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी मांजर काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला, "छान झाला हो" म्हणाल्या, आणि ते टेबलावर घेऊन पोटाखाली दोन्ही हात घातले. काका पिशवी भरत भरत त्या हातांकडे बघत राहिले.

घरी आले तेव्हा काकू पलंगावर बसल्या होत्या. पट्टा उशीशेजारी होता. मूळ भोक रुंद झालेलं, आतलं भोक अजून नवं, कडा कोऱ्या. काका त्यांच्या शेजारी बसले. हे विचारायला त्यांना चार दिवस लागले होते.

"तुला कधी कळलं?"

"पट्ट्याचं भोक बदललं त्या दिवशी," काकू म्हणाल्या. "सांगितलं होतं की तुम्हाला."

"सांगितलं होतंस." काकांनी पट्टा उचलला, पुन्हा ठेवला. "मग परत का नाही सांगितलंस? ओरडायचं माझ्यावर. भांडायचं."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही, थोडं नवल वाटल्यासारखं.

"तुम्ही तिला काट्यावर ठेवलंत ना," त्या म्हणाल्या. "त्यानंतर मी काय बोलणार होते?"