शेंग पिकेपर्यंत

“ह्या वाळल्या पाल्याचं काय करायचं वो आता?”

“कागद रद्दीवाला घील. पाला कोन घेतंय?”

माजघरातलं हे बोलणं माझ्या कानावर आलं तेव्हा मी सांगलीच्या गावभागात, त्रिशला मॅडमच्या घरी, पुढच्या खोलीत पाण्याचा पेला धरून बसले होते. मॅडम जाऊन अजून आठवडाही झाला नव्हता. विचारणाऱ्या त्यांच्या वहिनी होत्या, उत्तर देणारी शेजारची बाई. दोघींच्या मनात काही वाईट नव्हतं. माळ्यावर सुतळीनं बांधलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते आणि प्रत्येक गठ्ठ्यात मॅडमनी डोंगरातून आणून, दाबून वाळवलेली झाडं. पुरात खालच्या कपाटातली भिजली, तेव्हापासून उरलेली वर गेली होती. मला उठून सांगायचं होतं की तो पाला नाही... त्यातल्या एका घडीत असं एक झाड आहे, ज्याला अजून नाव मिळालेलं नाही. पण मी पाणीच पीत राहिले. शेवटी वहिनीच बाहेर आल्या. “तू तिची फौजी न्हवं? मग तूच घिऊन जा की बाई. आमाला त्यातलं काय कळतंय? डांबरगोळ्यांचा वास तेवढा कळतोय,” असं म्हणून हसल्या आणि हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

फौजी हे मॅडमनी मला दिलेलं नाव. माझे वडील सैन्यातून निवृत्त होऊन रहिमतपूरला परतले, तोवर माझं सगळं शिक्षण छावण्यांतल्या इंग्रजी शाळांमध्ये झालं होतं. दर दोन-तीन वर्षांनी नवी शाळा, नवा वर्ग. त्यातून एक सवय लागते, आधी बघत राहायचं आणि बोलायची वेळ आलीच तर थोडक्यात आटपायचं. एमएस्सीला सांगलीत आले तेव्हा माझं मराठी स्वयंपाकघरापुरतं होतं. वर्गात मॅडमनी विचारलेलं मला येत असे, पण ते इंग्रजीत येत असे, आणि तेही मी माझ्यापाशीच ठेवत असे. मॅडमच्या ते लक्षात आलं होतं. एकदा प्रॅक्टिकल संपल्यावर सूक्ष्मदर्शकावर कापड घालता घालता त्या म्हणाल्या, “फौजी, तुला येतं हे मला माहीत आहे. घाई नाही. पण कधीतरी सांग.”

मोहरीचं कुळ शिकवताना त्या घरून डबा भरून मोहरी आणायच्या, सोबत बांधावरचं एक झाड. चार पाकळ्या, फुलीसारख्या समोरासमोर. सहा पुंकेसर, त्यातले चार उंच आणि दोन बुटके. मुळा, कोबी, मोहरी, सगळ्यांच्या फुलांची ठेवण तीच. “फुलावरून फक्त घराणं कळतं,” त्या म्हणायच्या, “माणूस कोण ते शेंग सांगते.” म्हणजे या कुळातली एखादी जात नवी आहे असं म्हणायचं, तर फूल दाखवून भागत नाही. पिकलेली शेंग लागते, तिच्यातलं तयार बी लागतं. आपल्या सह्याद्रीत या घराण्याची रानटी झाडं मुळात थोडी. त्यामुळे एखादं दिसलं की मॅडमचा चेहरा माहेरचं माणूस भेटल्यासारखा व्हायचा.

आमचं झाड आम्हाला दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात दिसलं. कोयनानगरच्या पुढे, घाटाची वळणं संपल्यावर एक वाडी आहे. तिथं हौसाआक्कांच्या अंगणात गाडी लावून आम्ही वर चढायचो. आक्कांना मॅडमचं फार नवल. “आवं म्याडम, आमच्या म्हशी बी ज्याला तोंड लावत न्हाईत, ते बघाया सांगलीस्नं आलासा व्हय?” मॅडम बुटांच्या नाड्या बांधत म्हणायच्या, “म्हशींनी तोंड लावलं असतं तर मला काय उरलं असतं, आक्का?” त्या दिवशी कड्याच्या पोटात, सतत पाणी ठिबकणाऱ्या एका अरुंद कंगोऱ्यावर पांढरी फुलं दिसली. बोटाच्या पेराएवढी पानं, देठाशी जांभळट. मॅडमनी पानाचा कोपरा चावून बघितला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “झोंबतंय. घरातलंच आहे.” मग खूप वेळ त्या गुडघ्यांवर बसून राहिल्या. मी छत्री धरून उभी होते. शेवटी त्यांनी वर बघितलं तेव्हा मला कळलं की हे त्यांनी आजवर कुठंच बघितलेलं नाही.

झाड उपटताना मॅडमची एक रीत होती. त्या जैन होत्या, नेम पाळणाऱ्या. कांदा-बटाटा खायच्या नाहीत, दिवस मावळायच्या आत जेवायच्या, आणि व्यवसाय मात्र मुळासकट झाडं उपटायचा! स्वतःच हसायच्या त्यावर. “मुळा खात नाही मी, पण त्याच्या नातेवाइकांना सोडत नाही.” उपटण्याआधी त्या आजूबाजूची सगळी झाडं बघून घ्यायच्या. मागे भरपूर राहणार असतील तरच एखादं उचलायचं. मग बुंध्याशी तळवा टेकवून, शेजारच्या मुलीशी बोलावं तसं म्हणायच्या, “क्षमा कर गं.” हे त्या मोठ्यानं म्हणायच्या, कुणी असो वा नसो. मला कानकोंडं व्हायचं आणि मी दुसरीकडं बघायची. पावसाळ्यात कागद वाळत नाहीत, म्हणून संध्याकाळी त्या टीपकागदावरून इस्त्री फिरवायच्या आणि नमुना लाकडी फळ्यांमध्ये घालून पट्ट्यानं आवळायच्या. त्यांचा जुना पट्टा तुटला तेव्हा मी बाबांचा सैन्यातला पट्टा आणून दिला. “आता झाडंसुद्धा सावधानमध्ये उभी राहतील,” त्या म्हणाल्या होत्या.

फुलं मिळाली होती, शेंग हवी होती. एमएस्सीनंतर मी मॅडमच्या हाताखाली संशोधन करत होते, माझा पहिला शोधनिबंध तिच्यावर अडला होता, आणि मॅडमची निवृत्ती जवळ आली होती. पण ही शेंग तेरड्यासारखी. कोवळी तोडली तर बी अपुरं, आणि पिकल्यावर नुसता धक्का लागला तरी तडकन उलगडते, बिया उडून जातात. मधले मोजके दिवस काय ते आपले. गेल्या वर्षी, शेंगा कुठवर आल्यात ते बघायला म्हणून, आम्ही नेमके त्या दिवसांत तिथं पोचलो. शेंगा काळसर झाल्या होत्या, आतल्या बियांचे उंचवटे बाहेरून दिसत होते. मी पिशवीतून कागदी पाकीट काढलं. मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला.

दशलक्षण पर्व चालू होतं. भाद्रपदातले ते दहा दिवस मॅडम हिरवं पानसुद्धा तोडत नसत. मला ते ठाऊक होतं. पण मी काही जैन नव्हते. “मी तोडते ना, मॅडम,” एवढं मी म्हणाले. त्या म्हणाल्या, “स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला बरं म्हणणं, आमच्यात तिन्ही सारखंच गं.” त्यांचा आवाज मऊ होता, पण त्यात वाट नव्हती. शेवटी आम्ही दोन-तीन शेंगांवर मलमलीच्या छोट्या पिशव्या सैल बांधल्या, म्हणजे तडकल्या तरी बी आत राहील. पर्व संपलं की यायचं ठरलं. परतताना गाडीत मी खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी दोनदा काहीतरी विचारलं, मी “हो”, “नाही” म्हणाले.

त्याच आठवड्यात घाटात दरड कोसळली. रस्ता मोकळा होऊन आम्ही पोचलो तेव्हा कड्याचा तो भाग, आमचा कंगोरा, पिशव्या, सगळं खाली दरीत गेलं होतं. ओल्या लाल मातीचा एक ओरखडा तेवढा राहिला होता. मॅडम काही बोलल्या नाहीत. मीही नाही... फक्त माझं न बोलणं वेगळं होतं, आणि मला वाटतं, त्यांना तो फरक कळत होता.

पर्व संपलं की जैन माणसं एकमेकांची क्षमा मागतात. मॅडम दरवर्षी प्रयोगशाळेत येऊन प्रत्येकासमोर हात जोडायच्या, शिपायापासून आम्हा विद्यार्थ्यांपर्यंत. बाकीचे लाजत, हसत काहीतरी उत्तर द्यायचे. गेल्या वर्षी कडा बघून परतेपर्यंत तो दिवस उलटून गेला होता, तरी त्या आल्या. माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या, हात जोडले. “वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा कर, फौजी.” मग, “शेंगांचं धरून.” त्या क्षणी मला मराठी सुचलं नाही. “इट्स ओके, मॅम,” मी म्हणाले आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोळा घातला. शाळेत आम्ही कुणाचाही धक्का लागला की हेच म्हणायचो. त्यांनी जोडलेले हात खाली घेतले. “बरं,” म्हणाल्या.

हिवाळ्यात त्यांचं दुखणं निघालं. मी दवाखान्यात जायची, पण बोलायचं काम त्याच करायच्या. आमच्या निबंधाचं बोलायच्या. “झाडाला माझं नाव द्यायचं असं मनातही आणू नकोस,” म्हणायच्या. जो वर्णन लिहितो त्यानं स्वतःचं नाव झाडाला लावून घेणं बरं दिसत नाही. “नाव त्या कड्याचं ठेव. आपण दोघी त्याच्या मागं उभ्या राहू.” झाडाच्या नावामागे, लहान अक्षरांत, ते पहिल्यांदा सांगणाऱ्यांची नावं येतात, ते त्या म्हणत होत्या. शेवटच्या भेटीत त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. आषाढाचा पाऊस खिडकीवर येत होता. “वर किती पडला?” त्यांनी विचारलं. मी “पुष्कळ” म्हणाले. त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणून शेंगेएवढं अंतर दाखवलं आणि डोळे मिटून घेतले. मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. नर्स आली, आणि मी खुर्ची मागे सरकवली.

त्या गेल्याचं मला महाविद्यालयाच्या ग्रुपवर कळलं. मी तेव्हा रहिमतपूरला, आईबरोबर भाजी निवडत होते. समोर मुळ्याच्या पाल्याची जुडी होती. त्यात एका कांडीला फुलं आली होती, फिकट, चार पाकळ्यांची. आईनं ती कांडी काढून टाकली तेव्हा मी ती उचलून घेतली आणि का घेतली ते तिला सांगता आलं नाही.

या भाद्रपदात वनखात्याचा परवाना माझ्या एकटीच्या नावानं आला. दशलक्षणाच्या दिवसांत मी सांगलीतच थांबले. मला नेम नव्हता, कुणी अडवणारं नव्हतं आणि झाड पुन्हा कुठं उगवलं असलंच तर शेंगा तडकून जातील याची धास्ती होती. रोज सकाळी कोयनेकडच्या पावसाची बातमी बघायची आणि बसायची. पण झाड त्यांचं होतं. पर्व संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, क्षमा मागायच्या दिवशी, पहाटेची एसटी धरून मी निघाले. हौसाआक्का अंगणात होत्या. माझ्यामागं बघत म्हणाल्या, “म्याडम गं? दमल्या व्हय? मागनं येत्यात?” मी नाही अशी मान हलवली. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी चुलीवर चहाचं भांडं ठेवलं, आणि मी निघताना मॅडमची म्हणून कोपऱ्यात उभी केलेली काठी माझ्या हातात दिली.

लाल ओरखड्यावर आता गवत आलं होतं. कंगोरा नव्हताच. मी दरडीच्या कडेकडेनं खाली उतरत गेले. दुपार कलली तरी काही दिसलं नाही. मग एका मोठ्या खडकाच्या आडोशाला, जिथं वरून पाणी ठिबकत होतं, तिथं ती पानं दिसली. देठाशी जांभळट. एक नव्हे, खडकाच्या सबंध सावलीत पसरलेली, आम्ही पहिल्यांदा बघितली होती त्याहून कितीतरी जास्त. बऱ्याच शेंगा तडकून गेल्या होत्या, त्यांच्या साली गुंडाळल्या गेल्या होत्या. पण काही अजून मिटलेल्या होत्या, काळसर, आतल्या बियांचे उंचवटे दाखवणाऱ्या. गेल्या वर्षी आम्ही न तोडलेल्या शेंगांचंच हे बी, असं मी म्हणू शकत नाही. निबंधात तसं लिहिताही येणार नाही. मी खडकापाशी बसले आणि बराच वेळ नुसती बघत राहिले. मागे भरपूर राहत होती.

पाकीट उघडून मी ते शेंगांभोवती हळूच धरलं. दुसरा तळवा बुंध्याशी, ओल्या मातीवर टेकवला. माती गार होती. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी सवयीनं मी मागं वळून बघितलं.

“क्षमा कर गं,” मी म्हणाले. आवाज खडकाला लागून परत आला, तेव्हा मला कळलं की मी मोठ्यानं बोलले होते. झाड सुटून हातात आलं, मुळासकट, आणि पाकिटात शेंगा तडतडल्या.

“आणि मीही केली क्षमा, मॅडम,” मी म्हणाले. “कधीच केली होती.”