जाधव मॅडमचा समुद्र

सत्याचा ध्यास घेतलेली माणसं जगाला पुढे नेतात, असं म्हणतात. आमच्या कारखान्यात असं एक माणूस होतं आणि त्याने रुजू झाल्यावर सर्वांत आधी काय केलं, तर डिझाइन विभागाच्या प्रिंटरमधली रंगीत शाई काढली. खरेदी खातं माझ्याकडे, म्हणून ती परत करायला सुनंदा जाधव माझ्याच टेबलाशी आल्या. "ही नको. काळी तेवढी देत जा," म्हणाल्या. ही आमची पहिली भेट.

कारखाना रेवसच्या खाडीकाठी. आम्ही शर्यतीच्या शिडाच्या होड्या बांधत असू आणि जाधव मॅडम डिझाइनच्या प्रमुख होत्या. मूळच्या म्हसळ्याच्या, आईवडील दोघंही शिक्षक. त्यामुळे त्यांच्यापुढे उभं राहिलं की पाठीमागे फळा आहे असं वाटायचं. त्यांच्या हाताखालचे चार इंजिनिअर होडी बांधण्याआधी ती संगणकात चालवून बघत. पाण्याचे लाखो बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा होडीला किती अडवतो, याचा हिशेब संगणकाने करायचा. उत्तरादाखल लाल-निळं चित्र येई, आणि ते इतकं देखणं असे की बघणारा न समजताही मान डोलावायचा. मॅडम सोडून.

"लाल म्हणजे काय?"

"लाल म्हणजे... जास्त, मॅडम."

"काय जास्त?"

इंजिनिअर पुन्हा चित्राकडे बघू लागे.

"रंगपंचमी झाली," त्या म्हणत. "आता आकडा सांगा."

त्यांनी हा धंदा मेणाच्या नमुन्यांपासून पाहिला होता. होडीचा छोटा नमुना लांबलचक टाकीतून ओढायचा, किती ओढ लागते ते मोजायचं, नमुना तासायचा, पुन्हा ओढायचा. एका आकाराला महिने जात. आता सकाळी सुचलेला आकार जेवणाच्या सुट्टीआधी तपासून होई. जुन्या माणसांना जुनं गोड लागतं, या समजुतीने मी एकदा विचारलं, "टाकीच बरी होती ना?"

"छे! टाकीच्या पाण्याला वास यायचा. संगणक उत्तमच आहे. फक्त तो विचारू तेवढंच सांगतो, आणि आपण विचारायचं विसरतो."

काय विसरतो, ते त्या वर्षीच्या शर्यतीच्या वेळी कळलं. शर्यत रेवसहून खांदेरीच्या बेटाला वळसा घालून परत. मुंबईच्या एका क्लबाची परदेशी होडी ती दरवर्षी जिंकायची. सुरीसारखी निमुळती, पांढरीशुभ्र. आमच्या मालकांना, म्हणजे शेठना, तिचा मोह पडला होता. तिचाच साचा विकत आणून तशाच होड्या काढाव्यात, असं त्यांचं मत. चारही इंजिनिअरांच्या संगणकानेही तिलाच पहिलं ठरवलं.

"हा समुद्र कुठला?" मॅडमनी विचारलं.

"सॉफ्टवेअरमधला. त्यात आधीपासूनच असतो."

"मग शर्यतही सॉफ्टवेअरमध्येच ठेवू या का?"

दुसऱ्या दिवसापासून त्या थळच्या नारायण तांडेलांच्या होडीतून लाटा मोजायला जाऊ लागल्या. तांडेल आमच्या शर्यतीच्या होडीचे कप्तान. ओहोटीचं पाणी बाहेर पडतं आणि दुपारचा वारा समुद्राकडून आत येतो. दोघं समोरासमोर भिडले की आखूड, उभ्या लाटा उठतात. सॉफ्टवेअरमधल्या लाटा लांब आणि सभ्य होत्या. मॅडमनी आपल्या लाटा संगणकात भरल्या आणि शेकडो आकार त्यांवर सोडले. निमुळती होडी दर लाटेत नाक खुपसून थांबू लागली. पहिला आला तो रुंद, बोथट नाकाचा एक आकार.

होडी बांधून झाली तेव्हा तांडेल तिच्याभोवती फिरून आले. "मॅडम, ही होरी हाय का म्हस?"

"म्हैसच. पण बुडालेली म्हैस पाहिलीत कधी?"

"बुडाली न्हाय, पर पयली आलेली बी पायली न्हाय."

शेठ हसले नाहीत. म्हणाले, "जाधवबाई, ही हरली तर साचा येणार. मग मला डिझाइन विभाग कशाला हवा?" मॅडमना निवृत्तीला वर्षच उरलं होतं. प्रश्न त्या चौघा इंजिनिअरांच्या नोकरीचा होता. मॅडम एवढंच म्हणाल्या, "ठीक."

शर्यतीच्या दिवशी मी त्यांच्याजवळ धक्क्यावर होतो. सकाळी वारा मंद, पाणी ताटासारखं सपाट. पांढरी होडी जाताना बरीच पुढे निघून गेली. चार इंजिनिअर एकमेकांकडे बघेनात.

"संगणक चुकला?" मी विचारलं.

"नाही. सपाट पाण्यात तीच पुढे जाणार, असंच त्याने सांगितलंय." मग जरा थांबून म्हणाल्या, "लाटा आम्ही मोजल्या. पण आज वारा येणारच, हे त्याला कुठून ठाऊक?" आणि पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसू लागल्या.

दुपारी ओहोटी लागली, आणि धक्क्यावरच्या सुक्या मासळीचा वास अचानक आमच्या अंगावर आला. वारा फिरला होता. समोरचं पाणी उभं राहू लागलं. दुर्बिणीतून पांढरी होडी दिसली: नाक पाण्यात, वर, पुन्हा पाण्यात, अडखळलेल्या माणसासारखी. तिच्यामागून आमचं ध्यान लाटांवर आपटत, फेस उडवत, अजिबात न थांबता येत होतं. बाजूला आलं. पुढे गेलं. मागे वळूनही न बघता धक्क्याशी आलं. चौघं इंजिनिअर शाळेतल्या पोरांसारखे नाचले, आणि तांडेल होडीतूनच ओरडले, "मॅडम, म्हस पयली आली हो!"

सत्कारात शेठ म्हणाले, "या आकारावर माझा पहिल्यापासून विश्वास होता."

"कुठल्या समुद्रात?" मॅडम माझ्या कानात पुटपुटल्या, आणि टाळ्या वाजवू लागल्या.

साचा आला नाही. चौघं अजून तिथेच आहेत, आणि नव्या मुलांना पहिल्याच दिवशी समुद्र कुठला ते विचारतात. वर्षाने मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाला आम्ही त्यांना त्या विजयाच्या बातमीचं कात्रण चौकटीत बसवून दिलं. म्हसळ्याला त्यांच्या बाहेरच्या खोलीत ते लावलेलं आहे. बातमी आमची आहे; फोटो दुसऱ्या आलेल्या पांढऱ्या होडीचा आहे.