बिलावरचं नाव

बोईसरला ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं माझं छोटं दुकान आहे. छतावरच्या सोलरला सबसिडी मिळायला लागल्यापासून नवी घरं बांधलेली माणसं सारखी येतात. निम्मे कागद घरी विसरून येतात आणि मी चिडतो.

ती मात्र सगळे कागद घेऊन आली होती. मासळी विकणारी, साठीची बाई. टोपली बाहेर ठेवून तिनं पदराला हात पुसले, हुंगून पाहिले आणि मगच पिशवी उघडली. नव्या घराच्या स्लॅबचा फोटोही होता. त्यावर बोंबील वाळत घातले होते.

वीजबिलावर एका पुरुषाचं नाव होतं.

"हे कोण?"

"माजा पोरगा. घर त्यानंच बांधला. वास्तुशांत झाली नि दोन महिन्यांत गेला, बोटीवरच."

मी नेहमीच्या सुरात सांगितलं, "मावशी, मग आधी मीटर तुमच्या नावावर करा. मृत्यूचा दाखला जोडला की होतं. त्यानंतर सबसिडीचा अर्ज भरू."

तिनं बिल माझ्या हातातून घेतलं आणि जपून घडी घातली.

"मंग ऱ्हाव दे, भाऊ. बिलवाला दर महिन्याला दारात येतो, त्याचा नाव घेऊन हाक मारतो. मी आतून ओ देते. त्याला हाक मारनारा आता दुसरा कोन हाय?"

टोपली डोक्यावर घेऊन ती निघून गेली.

हल्ली कुणाचंही बिल हातात आलं, की मी त्यावरचं नाव मोठ्यानं वाचतो आणि समोरून ओ येईपर्यंत थांबतो.