शिंपल्यांच्या कपाटातला बार्नॅकल

बार्नॅकल पुण्यात राहत नाही, हे त्याचं नशीब. खडकाला, जहाजाच्या बुडाला, कधी कासवाच्या पाठीला चिकटून तो जगभरच्या समुद्रांत आढळतो. पांढुरका, बोटाच्या पेराएवढा सुळका, भोवती चुनखडीच्या पाट्या, वर उघडझाप करणारं झाकण. दिसतो शिंपल्यासारखा, पण आहे खेकड्या-कोळंबीच्या गोतातला. लहानपणी पोहतो. मग डोकं खडकाला चिकटवतो आणि जन्मभर पायांनी तोंडात घास लोटतो. अशी माणसं मी पगारावर पाहिली आहेत.

कर्वेनगरच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायचे. वडील खडकीला फॅक्टरीत, घरातली पहिली पदवीधर मी. नोकरीची ऑर्डर दरवर्षी नव्यानं निघायची, तीही विभागप्रमुखांच्या मर्जीनं.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी विभागप्रमुख आणि मी बरण्या मांडत होतो. बार्नॅकलची बरणी शिंपल्यांच्या कपाटातून आली. लेबलवर गट लिहिलेला: मृदुकाय, म्हणजे शिंपल्या-गोगलगायींचा. पोरांचे पेपर त्यावरूनच तपासायचे.

"सर, हा संधिपाद आहे, खेकड्यांच्या गटातला."

"अहो मॅडम, कवच आहे ना त्याला?"

"कासवालाही आहे. त्यालाही याच कपाटात बसवू या?"

"लेबल आमच्या गुरुजींच्या हातचं आहे. ते बदलायची पद्धत नाही इथे."

म्हणजे बरोबर लिहिणाऱ्या पोरांचे मार्क दरवर्षी कापायचे, आणि त्याला गुरुभक्ती म्हणायचं!

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. मी एक बार्नॅकल फोडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यांनी पाहिलं.

"पाय आहेत की. सांधेही दिसतात."

तेवढ्यात विभागप्रमुख म्हणाले, "सर, जेवायला चला, आमरस गरम होतोय."

आमरस संपेपर्यंत परीक्षकांचं मत मऊ पडलं. "असं करू, दोन्ही उत्तरांना मार्क देऊ. उगाच वाद कशाला?"

"मॅडम, सही करा," विभागप्रमुखांनी मार्कांचा कागद सरकवला. "जूनमध्ये ऑर्डर हवीय ना?"

"चुकीला आणि बरोबरला सारखेच मार्क द्यायचे, तर परीक्षा कशाला घेता? आरती करा, प्रसाद वाटा."

मी सही केली नाही. शेजारच्या टेबलावरच्या प्राध्यापकांनी केली, न वाचता.

जूनमध्ये ऑर्डर निघाली नाही. वडिलांनी विचारलं, "एका सहीनं काय बिघडलं असतं गं?"

"पुढच्या वर्षी पोरांना काय शिकवलं असतं मी?"

सकाळी मुलाखतीसाठी साताऱ्याची गाडी पकडायची होती. स्वारगेटपर्यंत वडीलच सोडायला आले.