डाळिंबाचा ताण आणि बहिणीचं हृदय

धाकट्या बहिणीला जाऊन वर्ष होत आलं. शेळगावच्या तिच्या डाळिंबांचं पाणी सध्या तोडलं आहे; झाडाला असा ताण देऊन मग पाणी सोडून तो तोडला, की बहार म्हणजे फुलं जोमानं येतात. पानं पिवळी पडून गळताहेत. ती बाग पाहिली की मला बारामतीच्या दवाखान्यानं तिचं औषध थांबवलं होतं, तो महिना आठवतो.

तिला स्तनाचा कर्करोग होता. पेशींच्या पृष्ठभागावर हर-टू नावाचे ग्राही फार वाढले होते. ग्राही म्हणजे बाहेरचा निरोप पेशीच्या आत पोचवणारं प्रथिन. इथं मात्र निरोप नसतानाही वाढीचा हुकूम सुटत होता. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून मिळणारं औषध त्या ग्राहींना चिकटून त्यांना गप्प करायचं. गाठ ओसरली, पण इकोमध्ये हृदयाचा जोर कमी दिसला आणि डॉक्टरबाईंनी औषध थांबवलं. जोर परत आला, तरच ते पुन्हा सुरू होणार होतं.

"असलं वंगाळ अंगात ठिवलंच कशाला देवानं?" बहिणीनं विचारलं.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, तरी पुस्तकं उघडली आणि थक्क झालो. गर्भात हृदयाच्या भिंती घडायला हाच ग्राही लागतो; तो नसेल तर उंदराचं पिल्लू पोटातच मरतं. मोठेपणीही कष्टाच्या वेळी हृदय त्याच्याच आधारानं तगतं. म्हणून तर औषधानं गाठीबरोबर हृदयही दमलं होतं.

हे मी बहिणीला सांगितलं. तिची सून तेव्हा पोटुशी होती. "म्हंजी हिच्या पोटात त्यो आत्ता काळीज बांधतोय?" ती कितीतरी वेळ सुनेकडं बघत राहिली.

औषध का थांबवलं, हे मी तिला तिच्याच भाषेत सांगितलं: बहार धरण्याआधी झाडाला ताण देता ना, तसंच; काही दिवस तोडायचं, मग पुन्हा सोडायचं.

महिन्यानं ती इकोला आली, ती ओठ सुकवूनच. डॉक्टरबाई रागावल्या. "मावशी, पाणी पीत नाही का?"

"दोन पेलं घेती की दिवसाला. दादाच म्हनला, ताण द्यायचाय. झाडाचं तर आमी पाणीच तोडतो."

"सर, कॉलेजात असंच शिकवता?" बाईंनी मला विचारलं.

त्यांनी तिला समोर बसवून तांब्याभर पाणी पाजलं, मग इको केला. पडद्यावर तिच्या हृदयाची भिंत आत-बाहेर होत होती. ज्या ग्राहीनं ही भिंत घडवली त्याच्यापासूनच आम्ही बहिणीला वाचवत होतो, आणि त्याच्यावाचून ही भिंत चालणारही नव्हती.

"जोर आलाय. सोमवारी औषध सुरू करू."

"ताण तुटला म्हना," बहीण म्हणाली.

पुढं रोग मेंदूत गेला. तिथं ते औषध नीट पोचेना. पण मध्ये दोन बहारांची डाळिंबं तिनं स्वतःच्या हातानं तोडली. तान्ह्या नातीच्या छातीला कान लावून ती मला खुणेनं बोलवायची, "ऐक, दादा."

नात आता पळते. परवा बागेत दमून मला येऊन चिकटली, तेव्हा तिची धडधड माझ्या अंगाला कळली.