पत्रकातला बाप

"चप्पल इथंच काढ. तू अनवाणीच बरी दिसतेस."

ऊर्जानगर वसाहतीच्या सभागृहाच्या दारात संस्थेच्या बाई मला असं म्हणाल्या. आत खुर्च्यांवर बसलेल्या देणगीदार बायांपैकी एकीनंही चप्पल काढलेली नव्हती. मी काढली. का काढली? भीती. त्यांच्याच वसतिगृहात राहून मी बारावी करत होते. माझं गाव गडचिरोलीच्या आतल्या जंगलात, तिथं चौथीच्या पुढं शाळा नाही. बाईंनी भुवई उचलली की मी त्या म्हणतील ते करायची. वसतिगृहातली खाट गेली की शिक्षण गेलं, एवढं मला पक्कं कळत होतं.

व्यासपीठावर मला उभं केलं. बसायला कुणी सांगितलं नाही. बाईंच्या हातात संस्थेचं पत्रक होतं, मदत मागणारं. त्यात माझ्या मायच्या मरणाची गोष्ट. बाई आधी वाचणार, मग मी तेच 'माझ्या शब्दांत' सांगणार. माझे शब्द त्यांनी जीपमध्ये माझ्याकडून घोकून घेतले होते. कुठं थांबायचं, कुठं डोळ्याला ओढणी लावायची, तेसुद्धा.

बाई कापऱ्या आवाजात वाचू लागल्या. "पाळीच्या दिवसांत गावाबाहेरच्या खोपीत ती तापानं फणफणत पडली होती. दारुड्या नवऱ्यानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही."

पहिल्या रांगेत रुमाल निघाले.

आमच्याकडे पाळीत बाईनं कुरमाघरात राहायचं असतं. गळकी, ओली खोपी. वाकून शिरावं लागतं. पुरुषानं तिला शिवायचंही नाही. मला ती खोपी तेव्हाही नको होती, आजही नको. तिच्यावरून गावात मी अजून भांडते. पण मायला ताप चढला तेव्हा माझा बा त्या खोपीत शिरला होता. सगळं गाव बघत असताना. त्यानं मायला पाठीवर घेतलं आणि भर पावसात नाला ओलांडून दवाखान्यापर्यंत नेलं. मी मागून धावत होते. दवाखान्याला कुलूप होतं. माय तिथंच ओट्यावर गेली. आणि रीत मोडली म्हणून गावानं बाला दंड लावला, कोंबडा घेतला, कितीतरी दिवस त्याच्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं.

हे सगळं मी बाईंना सांगितलं होतं. विश्वासानं सांगितलं होतं. पत्रक छापून आलं तेव्हा त्यात कुलूप नव्हतं, आणि बा दारुडा झाला होता.

कार्यक्रमाच्या आधी बा मला भेटायला वसतिगृहावर आला होता. बाईंनी कौतुकानं त्याच्या हातात पत्रक दिलं. त्याला वाचता येत नाही. स्वतःचा फोटो बघून तो लाजला.

"बाई, काय लिवलं हाये जी माह्याबद्दल?"

"चांगलंच लिहिलंय," बाई हसून म्हणाल्या.

बानं पत्रकाची नीट घडी घातली आणि पागोट्यात खोचली. मी शेजारीच उभी होते, आत काय छापलंय ते मला माहीत होतं, तरी मी सांगितलं नाही.

सभागृहात तोच बा माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"सांग बाळ," म्हणत बाईंनी माईक पुढं केला.

घोकलेलं सगळं आठवत होतं. तेवढं म्हटलं असतं तर खाट शाबूत, शाळा शाबूत.

"माह्या बा दारू पेऊन नव्हता," मी म्हणाले. "त्यानं मायले उचलून नेलं. दवाखान्याले कुलूप होतं. हे खोटं लिवलं हाये."

बाईंनी माईक ओढून घेतला. "घाबरलीय बिचारी," त्या समोर बघून हसल्या.

हो, घाबरले होते. पण खोटं बोलत नव्हते.

परत येताना बाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, गोष्टीत एक वाईट माणूस लागतो. कुलपासाठी कोण रडतं? आणि सरकारी दवाखान्याविरुद्ध लिहिलं तर उद्या आपल्याला परवानग्या कोण देणार? पुढच्या वेळी नीट सांग. नाहीतर पेटी भर."

पेटी भरली. एसटीत बसले तेव्हाही भीती होतीच. शिक्षण सुटेल ही होती, पण त्याहून मोठी बाला काय वाटेल ही होती. त्याला ते पत्रक वाचून दाखवायचं होतं. अंगणात बसून वाचलं, आमच्या बोलीत, शब्द न् शब्द. बानं पत्रक हातात घेऊन स्वतःच्या फोटोवर बोट ठेवलं.

"हा कोन मानूस होय?" तो म्हणाला. "मी त्याले वळखत नाई."

बारावी मी पुढं बाहेरून दिली. आता मीच गावांसाठी अर्ज लिहिते, निवेदनं लिहिते, पत्रकं काढते. त्यात माणसांच्या गोष्टी घालते, कारण नुसत्या मागण्यांनी कुणी जागचं हलत नाही. बाईंचं तेवढं खरं होतं. पण ज्याची गोष्ट, त्याच्यापुढं बसून ती आधी वाचते. तो "नाई" म्हणाला की फाडून टाकते. थोडं वाढवा, थोडं रडवा, असं सांगणारे रोज भेटतात. अमुक वाक्य काढा, साहेब चिडतील, असंही सांगतात. साहेबांच्या टेबलासमोर मला अजून भीती वाटते. वाटू दे. आमच्या माणसाला नालायक ठरवून मिळणारी मदत मला नको. दवाखान्याला कुलूप होतं, हे वाक्य मी कुणाला खोडू देणार नाही.