जिनेवालीच्या बहिणीचे गुडघे

क्ष-किरण विभागात फोटो काढणाऱ्या बाईंना सगळं रुग्णालय मिलिमीटरताई म्हणायचं. गुडघ्याच्या फोटोत दोन हाडांच्या मध्ये फट दिसते. खरं तर तिथं गादी असते, ती फोटोत उमटत नाही एवढंच. गादी झिजली की फट अरुंद होते. दरवर्षी त्याच कोनातून फोटो घ्यायचा, फट मोजायची आणि मागच्या मापाशी ताडून पाहायची, हे ताईंचं काम. "माझं सुटलेलं पोट हिला दिसत नाही, पण लोकांच्या हाडांतली फट बरोबर दिसते," असं त्यांचे यजमान येईल-जाईल त्याला सांगत.

त्यांच्याकडे दोन बहिणी यायच्या. धाकटी इमारतींचे जिने धुवायची. थोरलीही पूर्वी तेच करायची. ओल्या पायरीवरून पडली, कणा दुखावला आणि अंथरुणाला खिळली. पडून राहून सांधे बिघडतात का हे पाहायला तिला टेबलाला पट्ट्यांनी बांधून, टेबल उभं करून फोटो काढावा लागे. जिन्यांचं काम म्हणून धाकटीचाही निघे.

एका वर्षी मापं घेताना ताई थबकल्या. थोरलीची फट आतल्या बाजूनं निम्म्यावर आली होती, हाडाला काटे फुटले होते. धाकटीची जशीच्या तशी. फोटोंची अदलाबदल झाली असणार म्हणून त्यांनी दोघींना पुन्हा बोलावलं, नावाची खूण स्वतःच्या हातानं लावली. तरी तेच.

"पडून राहूनही गादी पातळ होते, ताई," डॉक्टर म्हणाले.

"होते ना. पण ही चालून झिजल्यासारखी दिसतेय."

डॉक्टरांनी फोटो पुन्हा उजेडात धरला. "दिसतेय खरी," ते हळूच म्हणाले. "का, ते मात्र मला सांगता येणार नाही."

ताईंना चैन पडेना. एका दुपारी त्या बहिणींच्या खोलीवर गेल्या. धाकटी कामावर होती. थोरली एकटीच पडून होती. पायांवरची चादर सरकली होती, ती नीट करायला ताई वाकल्या आणि त्यांचा हात तसाच राहिला. वर्षानुवर्षं जमिनीला न लागलेल्या त्या टाचांना खोल भेगा होत्या. भेगांत ओला, काळा मळ होता.

"आज गोल जिन्याच्या इमारतीत आहे ती," थोरली छताकडे बघत म्हणाली. "तिथल्या पायऱ्या फार उंच."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कमरेखाली टाचणी टोचली तरी मला कळत नाही, ताई. पायऱ्या तेवढ्या कळतात."

"बहिणीला सांगितलंत?"

"कशाला? ती बिचारी राबते माझ्यासाठी. तिचे पाय तरी धड राहू देत."

ताई खाली उतरल्या तर दारातच धाकटी भेटली. हातात बादली, चेहऱ्यावर घाम, पण पाय वाऱ्यासारखे हलके. "मला कधी काही दुखतच नाही," ती हसत म्हणाली. ताईंनी मन घट्ट करून तिला सगळं सांगितलं. ती हसायची थांबली. वर जाताना एकेक पायरी ती अशी चढली, जणू खाली कुणी झोपलंय.

पुढं तिनं जिने सोडले आणि एका दुकानात बसून काज-बटणं करू लागली. त्यानंतरच्या वर्षी थोरलीची फट केसभरही कमी झाली नव्हती. धाकटीच्या गुडघ्यात बसून बसून कळ सुरू झाली होती आणि "आता माझं मलाच दुखतं," हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

त्या दिवशी सगळे रुग्ण गेल्यावर ताई यंत्रापुढं उभ्या राहिल्या. उभं आयुष्य उभ्यानं काढलं, पण आपले गुडघे कधी कुरकुरलेच नाहीत, हे त्यांना आत्ता जाणवलं. त्यांनी विभागातल्या सोबतिणीकडून स्वतःचा फोटो काढून घेतला. फट सोळा वर्षांच्या मुलीसारखी होती.

त्यांनी आईला फोन लावला.

"आई, तुझे गुडघे कसे आहेत गं?"

"काय सांगू, बाई. दिवसभर बसूनच असते, तरी संध्याकाळ झाली की असे भरून येतात, जशी मी दिवसभर उभीच होते."

ताईंनी पायानं स्टूल जवळ ओढलं आणि त्या खाली बसल्या.

"हां," पलीकडून आई म्हणाली, "आता जरा बरं वाटतंय."